भांड्यावरचे नाव

लग्नकार्य निघाले की पूर्वी आळीतली पितळी भांडी एका घरी गोळा होत. गंगाळे, घागरी, गुंड, पराती, ताटे, वाट्या, जे ज्याच्याकडे असेल ते तो देई. कार्य उरकले म्हणजे मांडवाखाली त्यांचा ढीग पडे आणि घरातील एखादी वडीलधारी बाई एकेक भांडे उजेडाकडे धरून त्याच्या काठावर कोरलेले नाव वाची. नाव असलेले भांडे संध्याकाळपर्यंत आपल्या घरी पोहोचे. बिननावाच्या भांड्यावरून मात्र दोन घरांत वर्षानुवर्षे अबोला राही.

भंडाऱ्याच्या श्रोत्यांना ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पितळेच्या भांड्यांनी ह्या गावाला 'पितळनगरी' असा लौकिक मिळवून दिला, आणि गावाच्या नावाचा संबंधही 'भाण' म्हणजे भांडे ह्या शब्दाशी सांगितला जातो. वस्तूवर नाव घालण्याची चाल तर ह्या जिल्ह्यात त्याहून फार जुनी आहे. वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन झाले. तेथल्या स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर, ज्यांनी ते दगड दान केले त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली मिळाली. दान देऊन टाकले, पण ते कोणी दिले हे दगडावर राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनाही वस्तू आणि तिचा धनी ह्यांची ताटातूट होऊ नये असे वाटत होते, एवढे त्यावरून दिसते.

आज आम्ही जो विषय घेतला आहे तो नव्या काळचा आहे, परंतु त्याच्या मुळाशी हाच जुना प्रश्न आहे. इंटरनेटवर ज्याने आपले दुकान मांडले आहे त्याच्या मालाची छायाचित्रे दुसरी संकेतस्थळे त्याला न विचारता आपल्या पानांवर दाखवितात. आणि तीही उतरवून घेऊन नव्हे, तर मूळ धन्याच्याच कोठारातून दर वेळी परस्पर मागवून. इंग्रजीत ह्याला हॉटलिंकिंग म्हणतात. आम्ही येथे त्याला 'परस्पर जोडणी' म्हणू. मांडवातल्या भांड्यांहून येथे एकच फरक आहे, आणि तो विलक्षण आहे. येथे भांडे आपल्याच घरात राहते, घासावे आपणच लागते, आणि जेवण मात्र शेजाऱ्याच्या पंगतीला वाढले जाते.

हे कसे होते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, मोहाडीच्या किंवा आंधळगावच्या एखाद्या विणकर कुटुंबाने आपल्या करवतकाठी साड्या इंटरनेटवर विकावयास काढल्या. ही साडी आपल्याकडे कोणाला माहीत नाही? अंग कोशाच्या रेशमाचे, काठ सुताचा, आणि काठाची नक्षी करवतीच्या दात्यांसारखी. ती विणताना तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन दोन्ही काठांचे. जेथे अंग आणि काठ भेटतात तेथे धागा धाग्यात अडकवीत जावे लागते. माग खड्ड्याचा, काम दोन हातांचे आणि दोन पायांचे. असे हे कापड दिवसांच्या हिशेबाने तयार होते. आता ह्या कुटुंबातील मुलाने सकाळच्या उन्हात अंगणात साडी पसरून तिचे नीट छायाचित्र काढले, दात्यांची वीण दिसावी म्हणून जवळूनही एक घेतले, आणि ती दोन्ही आपल्या दुकानाच्या पानावर चढविली. चार महिन्यांनी त्याला कळते की एका दूरच्या शहरातील संकेतस्थळ यंत्रमागावरचे, कृत्रिम धाग्याचे कापड विकीत आहे, आणि वर चित्र झळकते आहे ते त्याच्या अंगणातले.

त्याचे नुकसान दुहेरी आहे. पहिले पैशाचे, आणि ते मोजता येते. चित्र दोन मेगाबाइटचे असेल आणि त्या परक्या पानावर दिवसाला पाच हजार माणसे येत असतील, तर रोज दहा हजार मेगाबाइट, म्हणजे सुमारे दहा गिगाबाइट, आणि महिन्याला सुमारे तीनशे गिगाबाइट इतकी वाहतूक विणकराच्या सर्व्हरवरून होते. सर्व्हर म्हणजे चित्रांचे कोठार. त्याचे भाडे, आणि पुष्कळदा त्यातून बाहेर जाणाऱ्या मालाची हमाली, कोठाराच्या धन्याने भरावयाची असते. हमालीची ठरलेली मर्यादा संपली की ऐन सणासुदीत दुकान मंद होते किंवा बंद पडते. दुसरे नुकसान विश्वासाचे. ज्या गिऱ्हाइकाने ते चित्र पाहून नकली कापड घेतले तो पुन्हा कधी 'करवतकाठी' हे नाव ऐकेल तेव्हा नाक मुरडील. त्याने मोहाडी पाहिली नाही, माग पाहिला नाही. त्याने फक्त चित्र पाहिले, आणि चित्राने त्याला फसविले. पहिले नुकसान एका घराचे असते, दुसरे साऱ्या गावाचे.

चित्रावर विसंबून माल घेण्याची रीत मात्र इंटरनेटने आणलेली नाही. तिचा इतिहास आपल्या बाजारपेठांतच दडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरच्या गिरण्यांचे कापड आपल्याकडे येऊ लागले, तेव्हा त्यावर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटविलेली असत. कोठे हत्ती, कोठे वाघ, कोठे देवदेवता. इंग्रजी अक्षर न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाने चित्र ओळखावे आणि 'अमुक छाप' म्हणून माल मागावा अशी ती योजना होती. 'छाप' हा शब्द तेव्हापासून आपल्या व्यापारात इतका मुरला की काडेपेटी, साबण, चहा, विडी, काहीही मागताना माणूस चित्राचेच नाव घेई. आणि जेथे चित्राला किंमत आली तेथे चित्राची नक्कलही आली. हत्तीच्या सोंडेची दिशा तेवढी बदलावी आणि बाकीचे सारे तसेच ठेवावे, ही युक्ती सुचावयास फारशी बुद्धी लागत नाही.

ह्या नकलांवर कायद्याचा इलाज निघावयास वेळ लागला. इंग्लंडात व्यापारचिन्हांची नोंदणी करण्याचा कायदा १८७५ साली झाला, आणि १ जानेवारी १८७६ रोजी पहिले चिन्ह नोंदले गेले ते बास ह्या मद्याच्या कारखान्याचा तांबडा त्रिकोण. हिंदुस्थानात खोट्या मालचिन्हांविरुद्ध १८८९ साली कायदा झाला. पण चिन्हांची रीतसर नोंदणी सुरू होण्यास १९४० चा कायदा यावा लागला. म्हणजे मधली पासष्ट वर्षे इंग्लंडातल्या त्रिकोणाला नोंदवहीत जागा होती, आणि आपल्या कारागिराच्या छापाला नव्हती.

त्याच काळात चित्राची छपाई स्वतःच एक मोठा धंदा बनली. राजा रविवर्मा ह्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तेथे छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली. ती पोहोचली तशी तिच्या नकलाही पोहोचल्या. दुसऱ्यांनी ती चित्रे थोड्याफार फरकाने पुन्हा छापली, आणि मालाच्या वेष्टनांवर व दिनदर्शिकांवर तीच रूपे अवतरली. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या काळच्या नक्कलकाराला निदान स्वतःचा दगड, स्वतःची शाई आणि स्वतःचा कागद खर्चावा लागे. चोरीलाही भांडवल लागे.

नक्कल ओळखावी कशी, ह्याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली एका बिस्किटाच्या खटल्यात दिले. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर एका शेताचे चित्र होते. मध्ये पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. मैसूरकडच्या एका कारखान्याच्या वेष्टनावरही मुलगी होती, गाय होती, कोंबड्या होत्या. पण मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तपशील शोधत बसल्यास भेद पुष्कळ निघाले असते. न्यायालयाने ते मोजले नाहीत. दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून कोणी बिस्किटे घेत नाही. सामान्य स्मरणशक्तीचा माणूस एक पाहून दुसरे घेईल की नाही एवढेच पाहावयाचे, असे न्यायालयाने ठरविले आणि निकाल पार्लेच्या बाजूने दिला. कायद्याने येथे जाणकाराचा डोळा न घेता गिऱ्हाइकाचा डोळा घेतला, हे आमच्या मते ह्या निकालाचे मोठेपण आहे.

आता इंटरनेटकडे वळू. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली ज्या जाळ्याची कल्पना मांडली ते जाळे आरंभी मुख्यतः मजकुराचे होते. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाण्याची वाट त्यात होती, परंतु पानाच्या पोटात मजकुरासोबत चित्र दिसण्याची सोय नव्हती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन हे तरुण गृहस्थ मोझेक नावाचा ब्राउझर तयार करीत होते. त्यांनी २५ फेब्रुवारी १९९३ रोजी एक लहानशी सूचना केली. पानाच्या मजकुरात चित्राचा पत्ता लिहिण्यासाठी एक खूण असावी, आणि ब्राउझरने तो पत्ता वाचून चित्र स्वतः आणावे आणि त्या जागी बसवावे. ही खूण रूढ झाली आणि आजतागायत चालू आहे.

आमच्या विषयाचे सारे बीज ह्या सूचनेत आहे. वर्तमानपत्राच्या पानावर चित्र छापलेले असते. ते पानापासून वेगळे करता येत नाही. इंटरनेटच्या पानावर चित्र नसतेच, चित्राचा नुसता पत्ता असतो. वाचकाचा ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, तेथल्या कोठारातून चित्र घेतो आणि वाचकापुढे ठेवतो. पत्ता कोणाच्या कोठाराचा आहे ह्याची तो पंचाईत करीत नाही. ज्याने पान लिहिले त्याने आपल्या घरचा पत्ता लिहिला काय आणि मोहाडीच्या विणकराचा लिहिला काय, ब्राउझरला दोन्ही सारखेच. म्हणून आजच्या नक्कलकाराला दगड लागत नाही, शाई लागत नाही, कागद लागत नाही. एक ओळ लिहिली की पुरे. तेल विणकराचे, वात विणकराची, आणि उजेड परक्याच्या दुकानात.

तंटे लवकरच सुरू झाले. १९९६ साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे विद्यार्थी डॅन वॉलक ह्यांनी 'डिल्बर्ट' ही प्रसिद्ध व्यंगचित्रमाला आपल्या पानावर आपल्या मांडणीत दाखविली. चित्रे ते स्वतः ठेवीत नव्हते. ती धन्याच्याच कोठारातून येत होती. धनी असलेल्या युनायटेड मीडिया कंपनीने हरकत घेतली. वॉलक ह्यांचे म्हणणे असे की आपण काहीच उचललेले नाही, फक्त पत्ता सांगितला आहे. शेवटी त्यांनी ते पान काढून टाकले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले नाही. परंतु दोन्ही बाजूंची मुख्य विधाने त्याच वेळी उच्चारली गेली होती. पुढच्या तीस वर्षांत न्यायाधीशांनी त्यांचाच खल केला आहे.

योगायोग असा की ह्या रोगावरचे औषधही १९९६ च्याच मे महिन्यात छापील नियमांत आले. ब्राउझर चित्र मागावयास जातो तेव्हा 'मी अमुक पानावरून आलो' असे सांगण्याची त्याला रीत घालून देण्यात आली. त्या ओळीचे नाव 'रेफरर'. नियम लिहिताना इंग्रजी स्पेलिंगातले एक 'आर' गळले, ते तसेच नियमांत छापले गेले, आणि आजही जगातले सारे सर्व्हर ते चुकीचेच स्पेलिंग निमूटपणे वापरतात. असो. ह्या ओळीमुळे कोठाराच्या दारावर पहारेकरी बसविता आला. आपल्याच दुकानाच्या पानावरून आलेल्याला चित्र द्यावे, परक्या पानावरून आलेल्यास 'मनाई' म्हणून परत पाठवावे, किंवा मागितलेल्या चित्राऐवजी दुसरेच चित्र द्यावे.

ह्या तिसऱ्या मार्गाची एक गमतीदार कथा आहे. २००७ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन हे अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तयारीत होते, आणि मायस्पेस ह्या संकेतस्थळावर त्यांचे पान होते. ते ज्या नमुन्यावर बेतले होते तो माइक डेव्हिडसन ह्यांनी केलेला होता, आणि पानावरचे एक चित्रही डेव्हिडसन ह्यांच्या कोठारातून परस्पर येत होते. डेव्हिडसन ह्यांनी आपल्या घरातले ते चित्र बदलले. त्याबरोबर सिनेटरांच्या पानावर त्यांच्याच नावाने जाहीर झाले की समलिंगी विवाहाबाबत आपण आपली भूमिका बदलली असून आता त्यास आपला पाठिंबा आहे. डेव्हिडसन ह्यांनी सिनेटरांच्या पानाला हातही लावला नव्हता. जो दुसऱ्याच्या घरातून पाणी भरतो त्याच्या घागरीत काय येईल हे त्या दुसऱ्याच्या हाती असते, हा धडा त्या दिवशी पुष्कळांनी घेतला.

आता न्यायालयांनी काय म्हटले ते पाहू. अमेरिकेत २००७ साली एका मासिकाच्या प्रकाशकांनी गूगलविरुद्ध चालविलेल्या दाव्यात अपील न्यायालयाने असे धरले की, चित्र ज्याच्या सर्व्हरवर आहे तोच ते दाखवितो. नुसता पत्ता देणारा दाखवीत नाही. ह्याला 'सर्व्हरची कसोटी' म्हणतात. ही कसोटी सर्वांस पटली नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एका छायाचित्रकाराच्या दाव्यात ती नाकारली. चित्र कोठे साठविले आहे हे वाचकाला दिसत नाही. त्याला ते ह्याच पानावर दिसते, असे त्या न्यायालयाचे म्हणणे पडले. उलट २०२३ साली पश्चिमेकडील अपील न्यायालयाने जुनीच कसोटी पुन्हा उचलून धरली. एकाच देशात दोन न्यायालये दोन दिशांना तोंड करून उभी आहेत.

युरोपने निराळी वाट काढली. २०१४ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितले की, जे धन्याने सर्वांसाठी खुले ठेवले आहे त्याचा पत्ता देणे हे उल्लंघन नव्हे. ९ मार्च २०२१ रोजी, जर्मनीतील एका सांस्कृतिक संस्थेच्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली. धन्याने परस्पर जोडणी रोखण्यासाठी परिणामकारक तांत्रिक बंदोबस्त केला असेल, आणि तो डावलून कोणी चित्र आपल्या पानावर दाखविले, तर त्यास धन्याची परवानगी लागते. सोप्या भाषेत सांगावयाचे तर न्यायालयाने विचारले, 'तुम्ही दाराला कडी घातली होती काय?'

आपला कायदाही हाच प्रश्न विचारतो, ही गोष्ट आमच्या श्रोत्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात छायाचित्र ही कलाकृती मानली आहे. छायाचित्र काढताक्षणी त्यावर हक्क निर्माण होतो; नोंदणीची सक्ती नाही. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून ते काढवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला धनी पैसे देणारा होतो. २०१२ साली ह्या कायद्यात दुरुस्ती झाली. तीत असे आहे की, जोडणी पुरविण्यासाठी होणारी क्षणिक किंवा आनुषंगिक साठवण उल्लंघन ठरत नाही. परंतु हक्काच्या धन्याने अशा जोडणीस स्पष्ट मनाई केलेली नसेल तरच. धन्याने लेखी तक्रार केल्यास साठवण करणाऱ्याने एकवीस दिवस, किंवा न्यायालयाचा हुकूम त्याआधी आल्यास तोवर, ते देणे थांबवावे अशीही तरतूद आहे. हक्काच्या रक्षणासाठी घातलेला तांत्रिक बंदोबस्त उल्लंघनाच्या हेतूने मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. म्हणजे कायद्याला दोन गोष्टी धन्याकडून हव्या आहेत : एक, त्याने 'नको' म्हटलेले असावे, दुसरी, त्याने कडी लावलेली असावी.

तेव्हा आमच्या त्या मोहाडीच्या मुलाने काय करावे? प्रथम आपल्या दुकानाच्या पानावर स्वच्छ मराठीत आणि इंग्रजीत लिहावे की ह्या चित्रांची परस्पर जोडणी करण्यास परवानगी नाही. दुसरे, कोठाराच्या नोंदवहीत पाहावे; कोणत्या परक्या संकेतस्थळावरून चित्रे मागितली गेली ते तेथे बहुधा दिवसवार सापडते. तो पुरावा जपून ठेवावा, आणि परक्या पानाचेही तारखेसह चित्र घेऊन ठेवावे. तिसरे, पहारेकरी बसवावा. हे काम कोठार भाड्याने देणाऱ्या कंपनीस सांगितल्यास ती बहुधा करून देते. चौथे, त्या संकेतस्थळास लिहावे. उत्तर न आल्यास त्यास ज्याने जागा दिली आहे त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. वकिलाची पायरी त्यानंतरची.

पहारेकऱ्याविषयी मात्र दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगावयास हव्यात. काही ब्राउझर आपण कोठून आलो हे सांगतच नाहीत, आणि ते सारे चोर नसतात. आपली माहिती उगाच कोणास देऊ नये असे मानणारे सज्जनही त्यांत असतात. निनावी आलेल्या प्रत्येकाला हाकलले तर आपलेच गिऱ्हाईक दारातून परत जाईल. तसेच शोधयंत्रे आणि व्हॉट्सअॅपसारखी साधने दुकानाचा दुवा दाखविताना चित्र मागतात. त्यांना अडविणे म्हणजे आपल्याच दुकानाची पाटी उतरविणे होय. दुसरे असे की कसलेला लबाड आपल्या पानाला सांगून ठेवू शकतो की ब्राउझरने आपला ठावठिकाणा कळवू नये. मग पहारेकरी फसतो. त्यावर मुदतीचे पत्ते देण्याची युक्ती आहे. काही वेळाने जुना पत्ता निकामी होतो. आणि शेवटी, जो चित्र सरळ उतरवून घेऊन आपल्या कोठारात ठेवील त्याच्यापुढे कोणताही पहारेकरी चालत नाही. तेथे कायदा, आणि चित्राच्या अंगावर घातलेले नाव, एवढेच कामास येते.

चित्र बदलून लबाडाची फजिती करण्याचा मोह कोणासही होईल. आमच्या मते तो आवरावा. घाणेरडे किंवा अपमानकारक चित्र लावल्यास ते पाहणार तो गरीब गिऱ्हाईक, आणि उद्या जाब विचारला जाईल तो आपल्याला. त्याऐवजी शांतपणे एवढेच चित्र द्यावे : 'ही साडी अमुक गावी अमुक विणकराने विणली आहे, ती येथे मिळत नाही.' लबाडाच्या भिंतीवर आपली पाटी फुकट लागते. ज्या पत्त्याच्या ओळीने त्याने आपला उजेड नेला, त्याच ओळीने आपला शब्द त्याच्या गिऱ्हाइकापर्यंत जातो. रविवर्म्याच्या प्रेसला हे साधले नसते, कारण नक्कलकाराच्या दगडावर मळवलीचा हात पोहोचत नव्हता. येथे तो पोहोचतो. परस्पर जोडणीत धन्याचा अधिकार घराबाहेर गेलेलाच नसतो. त्याला त्याची आठवण तेवढी नसते.

हे सारे केल्यावरही एक काम उरते, आणि ते एकट्या घराचे नाही. चित्र पाहून माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला चित्रापलीकडची खूण हवी. तशा खुणा आज आहेत. केंद्रीय रेशीम मंडळाने पुढे आणलेली शुद्ध रेशमाची 'सिल्क मार्क' ही खूण २००४ सालची, हातमागाच्या कापडाची 'हँडलूम मार्क' ही खूण २००६ सालची. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला, आणि करवतकाठी साड्या व कापडाची त्याखाली नोंदणी झालेली आहे. ह्या कायद्याने नाव एका माणसाचे न राहता प्रदेशाचे होते, आणि खोटे नाव लावणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. परंतु नोंदणीचा कागद कपाटात राहून चालत नाही. प्रत्येक अधिकृत विणकराने तिचा उपयोग करावा लागतो, ती खूण चित्रात दिसावी लागते, आणि नकली मालाची तक्रार कोणीतरी उठून करावी लागते. हातावर पोट असलेल्या विणकराने माग थांबवून हे करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. सहकारी संस्था, व्यापारी मंडळ आणि गावातील शिकलेली मुले ह्यांनी हे काम वाटून घ्यावे.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपणही काही देणे लागतो. स्वस्तातली 'करवतकाठी' पडद्यावर दिसली की क्षणभर थांबून विचारावे की हे चित्र कोणाच्या अंगणातले आहे, आणि विकणाऱ्याने विणकराचे गाव सांगितले आहे काय. लग्नाच्या मांडवात भांडे उजेडाकडे धरणारी ती वडीलधारी बाई कायदा शिकलेली नव्हती. परक्याचे भांडे आपल्या घरात राहू नये एवढे तिला ठाऊक होते, आणि काठावरचे नाव वाचल्याशिवाय ती एकही भांडे आत जाऊ देत नसे.